ओप्चिनाचा झेंडा गोव्यात करून घेताना: छपाई, शिलाई आणि ऑनलाइन ऑर्डर यांची पारख

गवंडाळीच्या सां ब्राझ चर्चचं नातं सोळाव्या शतकातल्या दुब्रोव्हनिकच्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या बंदराच्या, व्यापाऱ्यांशी सांगितलं जातं. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत व्लाहो म्हणजेच हा सां ब्राझ, आणि दोन्हीकडे त्याचा सण ३ फेब्रुवारीला येतो. त्यामुळे जुने गोवे आणि कुंभारजुवे भागात क्रोएशियाचे पाहुणे अधूनमधून येतात. त्यांच्या स्वागताला देशाच्या झेंड्याबरोबर त्यांच्या गावचाही झेंडा लावावा असं कोणाला तरी वाटतं, आणि मग तो झेंडा करून घ्यायचा प्रश्न उभा राहतो. देशाचा झेंडा बाजारात तयार मिळतो. निदान २०१८च्या फुटबॉल विश्वचषकानंतर तरी लाल-पांढऱ्या चौकटी इथल्या दुकानदारांना ओळखीच्या झाल्या आहेत. स्तोन, कोनाव्ले, म्ल्येत किंवा ओरेबिच यांसारख्या छोट्या पालिकेचा, म्हणजे ओप्चिनाचा, झेंडा मात्र कुठेच तयार मिळत नाही, तो करूनच घ्यावा लागतो. हे काम गोव्यात तीन प्रकारे होतं: डिजिटल छपाईच्या दुकानात, शिंप्याकडे कापड जोडून, आणि बाहेरच्या शहरांतून ऑनलाइन मागवून. तिन्हींच्या कामाची ही पारख आहे. दुकानांची नावं दिलेली नाहीत, कारण गुण आणि दोष एकेका दुकानाचे नसून त्या त्या पद्धतीचे आहेत.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. क्रोएशियात ४२८ ओप्चिना आणि झाग्रेब धरून १२८ शहरं आहेत. ओप्चिना म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा थोडी मोठी पालिका. दुब्रोव्हनिक-नेरेत्वा या एका प्रांतातच १७ ओप्चिना आहेत. त्यांची चिन्हं मनाला येईल तशी काढलेली नसतात. पालिका चिन्ह ठरवते, ते केंद्रातल्या मंत्रालयाकडे मंजुरीला जातं, आणि चिन्हविद्येचे, म्हणजे ढालीवरच्या कुलचिन्हांच्या शास्त्राचे, जुने नियम पाळले आहेत की नाही हे तिथे तपासलं जातं. म्हणून या झेंड्यांचा एक ठरावीक साचा दिसतो. चिन्ह ढालीच्या आकारात असतं आणि ही ढाल खालून अर्धगोल असते. तिच्यावर मुकुट, शिरस्त्राण किंवा बाजूला उभे प्राणी असली सजावट नसते. आत शक्यतो एकच मुख्य आकृती असते. सोनं पिवळ्याने आणि चांदी पांढऱ्याने दाखवतात, आणि रंगावर रंग किंवा धातूवर धातू न ठेवता एक रंग आणि एक धातू अशी जोडी ठेवतात. झेंडा बहुतेक वेळा एकरंगी असतो. त्याची रुंदी आणि लांबी १:२ असते, मध्ये ढाल असते आणि ढालीभोवती पिवळी किंवा पांढरी बारीक किनार असते.

हा साधेपणा जाणूनबुजून ठेवलेला आहे. चिन्ह लांबून ओळखू यावं, हाच त्यामागचा हेतू. त्यामुळे असा झेंडा चांगला झाला की नाही हे चार गोष्टींवरून कळतं: प्रमाण, किनार, रंगांतला फरक आणि आकृतीची बाह्यरेषा. गोव्यातलं बहुतेक काम पहिल्या दोन गोष्टींवर अडतं.

प्रमाणाची चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचं कारण सरळ आहे. भारताचा तिरंगा ३:२ असतो. दुकानदाराच्या संगणकावरचे साचे, कापून ठेवलेले तुकडे, दांड्यांची मापं सगळी त्याच हिशेबाची असतात. १५० बाय ७५ सेंटिमीटरचं चित्र १५० बाय १०० च्या साच्यात टाकलं की उंची तिसऱ्या हिश्श्याने वाढते. ढाल लांबुडकी होते, खालचा अर्धगोल अंड्यासारखा दिसू लागतो आणि आतला प्राणी पाय ताणल्यासारखा उभा राहतो. काही दुकानं चित्र न ताणता वरखाली झेंड्याच्या रंगाची, समजा निळी, पट्टी वाढवतात. ढाल वाचते खरी, पण झेंडा दुसऱ्याच प्रमाणाचा होतो. ऑर्डर देताना नुसतं ‘एक बाय दोन’ सांगू नका, लांबी आणि रुंदी दोन्ही सेंटिमीटरमध्ये लिहून द्या, आणि छापण्याआधी स्क्रीनवरच्या नमुन्यात ढालीच्या तळाचा अर्धगोल खरोखर वर्तुळाचा तुकडा आहे का ते बघा. कॉपीवर एक वर्तुळ ओढून त्यावर ठेवायला सांगितलं तर दुकानदाराला अर्धा मिनिट लागतो.

मापाबद्दल आमची शिफारस १४० बाय ७० सेंटिमीटर अशी आहे, त्यामागे कापडाचा हिशेब आहे. झेंड्याच्या पॉलिएस्टर कापडाचा रोल बहुतेक ठिकाणी साठ इंची, म्हणजे साधारण १५२ सेंटिमीटर पन्ह्याचा असतो. १५० बाय ७५ च्या झेंड्याला दोन्ही बाजूंनी दुमडपट्टी धरली की रुंदी ८० होते. असे दोन झेंडे शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून जवळजवळ अर्धं कापड वाया जातं आणि दुकानदार ती किंमत तुमच्याकडूनच घेतो. काही वेळा तर तो न विचारता दुमडपट्टी बारीक करतो. १४० बाय ७० च्या झेंड्याला दुमडपट्टी धरून रुंदी ७५ होते, दोन तुकडे १५० मध्ये बसतात आणि नेफ्यासकट (काठी घालायच्या पोकळ पट्टीसकट) लांबी १५० च्या आत राहते. म्हणजे दीड मीटर रोलमध्ये दोन झेंडे निघतात. क्षेत्रफळ साडेदहा चौरस फुटांच्या आसपास येतं, चौरस फुटाच्या दराने भाव विचारताना हाच आकडा धरा.

आता छपाईच्या दुकानांकडे. पणजी, म्हापसा, मडगाव इथे सब्लिमेशन छपाई करणारी दुकानं आहेत, फ्लेक्सवालेही बहुधा कापड त्यांच्याकडेच पाठवतात. या पद्धतीत आधी कागदावर उलटं चित्र छापतात, मग तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला दाबतात. शाईची वाफ होऊन रंग धाग्यात जातो. म्हणून ही छपाई धुतल्यावर जात नाही आणि दुमडल्यावर तडकतही नाही. सुती कापडावर किंवा खादीवर मात्र ती टिकत नाही. ‘कॉटनवरही करून देतो’ असं कोणी म्हटलं तर ते काम दुसऱ्या पद्धतीने होणार हे समजून घ्या. दुसरं म्हणजे सब्लिमेशनला पांढरी शाई नसते. निळ्या कापडावर पांढरी किंवा पिवळी आकृती छापता येत नाही, पांढऱ्या कापडावर अख्खा झेंडाच छापावा लागतो. त्यामुळे कडेला दुमडायच्या भागातही निळा रंग हवा. चित्र चारही बाजूंनी किमान तीन सेंटिमीटर वाढवून घेतलं नाही तर शिलाईनंतर कडेला पांढरी रेघ दिसते. जवळजवळ प्रत्येक दुकानात ही गोष्ट सांगावी लागते.

रंगाचं काम गोव्यातली दुकानं चांगलं करतात, अट एवढीच की फाइल नीट हवी. स्क्रीनच्या रंगांची फाइल तशीच दिली तर निळा जांभळट होतो. सायन (छपाईची आकाशी निळी शाई) आणि मॅजेंटा (गुलाबी-जांभळी शाई) यांच्या टक्क्यांत किमान तीसचं अंतर ठेवलं, उदाहरणार्थ सायन १००, मॅजेंटा ६५, तर निळा निळाच राहतो. लालसाठी मॅजेंटा १०० आणि पिवळा १०० ठेवा. पिवळा कमी केला की लाल गुलाबीकडे झुकतो. सोनेरीसाठी पिवळा १०० आणि मॅजेंटा १५ ते २० पुरे. ‘गोल्डन’ म्हटलं की दुकानदार तपकिरी छटांचा उतार टाकतो, दागिन्यांच्या जाहिरातीत असतो तसा. चिन्हविद्येतलं सोनं म्हणजे सपाट, स्वच्छ पिवळा. छटा आणि चमक काढून टाकायला स्पष्ट सांगा. मोठ्या निळ्या भागात आडव्या फिकट रेषा येतात, त्यावर कमी वेगाने जास्त फेऱ्यांची छपाई हा उपाय आहे. दर थोडा वाढतो, पण एकरंगी झेंड्याला ते करायलाच हवं.

पावसाळ्यात हेच काम बिघडतं. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कागदात आणि कापडात शिरतो, प्रेसखाली त्याची वाफ होते आणि निळ्यात ढगाळ डाग पडतात किंवा ढालीच्या कडा पसरतात. चांगला कारागीर कापड आधी काही सेकंद कोरडंच प्रेसखाली घालतो आणि कागदाचा रोल बंद पिशवीत ठेवतो. दुकानात उघडे कागदाचे रोल भिंतीला टेकवून ठेवलेले दिसले तर पावसाळ्यातली ऑर्डर तिथे देऊ नका. फेब्रुवारीच्या सणासाठी झेंडा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छापून घेतलेला बरा.

किनारीची अडचण वेगळी आहे. इंटरनेटवरचं ढालीचं चित्र बहुतेक वेळा किनारीशिवाय असतं, कारण चिन्ह एकटं दाखवताना तिची गरज नसते. झेंड्यावर मात्र निळ्या कापडावर निळी ढाल आली तर किनारीशिवाय ढाल दिसतच नाही, आकृती हवेत तरंगते. दुकानदाराने फाइल उचलून मध्ये ठेवली की हेच होतं. १४० बाय ७० च्या झेंड्यावर ८ ते १० मिलिमीटर जाडीची किनार चर्चच्या आवाराच्या टोकावरून दिसते, दोन-तीन मिलिमीटरची दिसत नाही. पालिकेच्या निर्णयात किनारीची जाडी दिलेली असेल तर अर्थात तीच ठेवायची.

फाइल कुठून आणायची? पालिकेलाच पत्र लिहून व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची फाइल, मागा. प्रत्येक ओप्चिनाने आपल्या चिन्हाच्या आणि झेंड्याच्या वापराबद्दल निर्णय केलेला असतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्नही त्याच पत्रात सुटतो. फाइल मिळालीच नाही तर चित्र मोठं तरी हवं: १४० सेंटिमीटरला १०० डीपीआय (इंचाला शंभर ठिपके) धरले तर साडेपाच हजार पिक्सेल रुंदी लागते. तीनशे पिक्सेलचं चित्र कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप ट्रेस केलं, म्हणजे त्याच्या रेषा संगणकाकडून गिरवून घेतल्या, की टोकं गोल होतात, प्राण्याची बोटं एकमेकांना चिकटतात आणि आकृतीतली बारीक काळी रेघ तुटक होते. ट्रेस हातानेच करून घ्या.

छपाईतली एक गोष्ट या झेंड्यांच्या बाजूची आहे. पातळ विणीच्या साधारण ११० जीएसएम (चौरस मीटरला ११० ग्रॅम) कापडावर रंग मागच्या बाजूला बऱ्यापैकी उतरतो, फक्त फिकट होतो आणि चित्र उलटं दिसतं. ढालीवर अक्षरं नसल्याने ते चालतं. डावीकडे, म्हणजे दांडीकडे, तोंड करून उभा असलेला प्राणी मागून पाहिला तरी दांडीकडेच बघतो, जे बरोबरच आहे. म्हणून दोन थर जोडून जड झेंडा करायची गरज नाही. दोन थरांचा झेंडा मांडवीवरच्या मंद वाऱ्यात लोंबकळतच राहतो. छपाईच्या दुकानांना आमचे पाचात साडेतीन. रंग आणि वेग चांगले आहेत, प्रमाण आणि किनारीवर लक्ष ठेवावं लागतं. शिलाई तिथे करून घेऊ नका, कापड घेऊन शिंप्याकडे जा.

शिंप्यांचं काम हा गोव्याचा खरा जोर आहे. शिगम्याच्या रोमटामेळातली (ढोलताशांच्या मिरवणुकीतली) निशाणं, पालखीपुढच्या पताका, चर्चच्या मिरवणुकीतले कोंफ्रारियांचे (चर्चच्या बंधुमंडळांचे) झेंडे शिवणारे हात अजून गावोगावी आहेत. त्यांना कापडावर कापड जोडून आकृती बसवायची सवय असते, आणि एक ढाल, एक आकृती असलेलं चिन्ह या पद्धतीला फार शोभतं. निळं कापड रंगवलेलंच घ्यायचं, त्यावर पिवळ्या कापडाची, किनारीच्या जाडीएवढी मोठी ढाल, तिच्यावर रंगाची ढाल, तिच्यावर आकृती. प्रत्येक थराला फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून कडेने तीन-चार मिलिमीटरची दाट झिगझॅग टीप मारायची. असा झेंडा उन्हात छापील झेंड्यापेक्षा जास्त दिवस रंग धरतो, आणि जवळून बघताना त्याचा दर्जा लगेच जाणवतो.

चुका कुठे होतात? पहिली वजनाची. ढालीचे तीन थर आणि जाड फ्युजिंग मिळून मधला भाग जड होतो, झेंडा मध्ये पिशवीसारखा ओढला जातो आणि ढालीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून सुरकुत्या निघतात. उपाय म्हणजे फ्युजिंग पातळ घ्यायचं आणि शिवून झाल्यावर ढालीमागचं निळं कापड कडेपासून एक सेंटिमीटर सोडून कापून काढायचं. असं केलं की मागूनही ढालीचा आकार दिसतो. दुसरी चूक आटण्याची. सुती आणि पॉलिएस्टर कापड एकत्र वापरलं तर पहिल्याच धुण्यात सुती आटतं आणि ढाल चुरगळते. सगळे थर एकाच जातीचे घ्या. तिसरी चूक साटीन वापरण्याची. खोलीत, स्टेजवर साटीन सुंदर दिसतं, पण बाहेर वाऱ्यात त्याचे धागे लवकर निघतात, आणि चमकेमुळे उन्हात आकृती धुरकट होते. आकृती फार बारीक असेल, म्हणजे पिसं, शिडांची दोरखंडं, द्राक्षांचे दाणे, तर ती मशीन भरतकामात करून घ्या. पाच मिलिमीटरपेक्षा अरुंद कापडाचा तुकडा शिंप्याला नीट जोडता येत नाही, आणि तो जोडायचा आग्रह धरणं त्याच्यावर अन्याय आहे.

छापील झेंडा असो की जोडलेला, शिलाईच्या सूचना त्याच आहेत. कापड गरम चाकूने कापलेलं असावं, म्हणजे कड उसवत नाही. दोरा पॉलिएस्टर, सुती दोरा खाऱ्या हवेत कुजतो. वर, खाली दोन ओळींची टीप, आणि फडकणाऱ्या टोकाला चार ओळींची, कारण झेंडा फाटायला तिथूनच सुरुवात होते. त्या टोकाचे दोन्ही कोपरे आतून तिकोनी तुकडा लावून जाड करा. दांडीकडे पांढऱ्या कॅनव्हासची पट्टी आणि पितळी आयलेट, म्हणजे दोरी ओवायची कडी. लोखंडी आयलेट स्वस्त असतात, पण गोव्याच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंजून कापडावर तपकिरी डाग पाडतात. काठीत घालायचा झेंडा असेल तर नेफा काठीच्या घेरापेक्षा दोन सेंटिमीटर सैल ठेवा आणि वरचं तोंड शिवून बंद करा. नाहीतर झेंडा घसरून काठीच्या खालच्या टोकाला येतो. नेफा समोरून पाहताना डावीकडे हवा. उजवीकडे शिवला तर प्राणी दांडीकडे पाठ करून उभा राहतो, आणि ज्याला हे चिन्ह कळतं त्याला ते लगेच खुपतं. शिंप्यांच्या कामाला पाचात साडेचार. अर्धा गुण वेळेसाठी कापला: शिगम्याच्या आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणांच्या) हंगामात त्यांच्याकडे रांग असते आणि घाई केली की नेमकी फडकणाऱ्या टोकाची टीप दोन ओळींवर आटोपते.

ऑनलाइन ऑर्डरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. किंमत कमी आणि फाइल टाकणं सोपं, पण मापाच्या यादीत बहुधा ३:२च असतं, नमुना आधी बघायला मिळत नाही आणि कापडाचं वजन लिहिलेलं नसतं. दहा छोटे हातझेंडे हवे असतील तर चालेल, दांडीवरच्या झेंड्यासाठी नाही. पाचात अडीच.

उभा समारंभी झेंडा हा निराळा प्रकार आहे. क्रोएशियातल्या पालिकांकडे नेहमीच्या झेंड्याशिवाय एक उभा, खाली टोकं किंवा झिरमिळ्या असलेला समारंभाचा झेंडा असतो, आडव्या काठीवर टांगायचा. त्यावर पालिकेचं नाव लिहिलेलं असतं, आणि अडचण इथेच येते. क्रोएशियन लिपीत काही अक्षरांवर खुणा असतात. सी या अक्षराची दोन रूपं आहेत, एकावर तिरकी रेघ, दुसऱ्यावर उलटी टोपी, आणि दोन्हींचे उच्चार वेगळे. ‘ओप्चिना’ या शब्दात तिरक्या रेघेचं रूप लागतं. दुकानातल्या फॉन्टमध्ये ते नसलं की जागी रिकामी चौकट येते किंवा दुकानदार खूण न देता साधं अक्षर टाकतो. मजकूर अक्षरं म्हणून न देता आकार म्हणून रूपांतरित करून द्या, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. छापण्याआधी तो मजकूर पालिकेच्या पत्रातल्या नावाशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. हा झेंडा एकाच बाजूने बघायचा असतो, म्हणून मागे अस्तर लावलं तरी चालतं, आणि इथे साटीनही शोभतं.

लावताना तिरंग्याबरोबर हा झेंडा असेल तर भारताच्या ध्वजसंहितेचं भान ठेवा. ती २००२ पासून लागू आहे. तिरंग्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा नको. याला अपवाद इतर देशांच्या झेंड्यांचा: त्यांची रांग असेल तर तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला असतो, म्हणजे रांगेच्या मध्यभागी प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिलं तर आपल्या उजव्या हाताला. पालिकेचा झेंडा हा देशाचा झेंडा नाही, त्याला या रांगेत जागा देऊ नये. वेगळ्या, कमी उंचीच्या दांडीवर किंवा मांडवाच्या भिंतीवर तो लावावा.

सण संपल्यावर झेंडा गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढून टाका. ब्लीच अजिबात नको. सावलीत पूर्ण वाळवा, कॅनव्हासच्या पट्टीत ओल राहिली की बुरशी तिथूनच चढते. घडी घालताना ढालीवर मोड पडू देऊ नका, जोडकामाच्या ढालीला मोड पडला की फ्युजिंग सुटून फुगे येतात. पुठ्ठ्याच्या नळीवर चिन्ह बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, वर सुती कापड लपेटा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेला झेंडा ऑगस्टमध्ये उघडला तर पांढऱ्या भागावर काळे ठिपके आलेले दिसतात, आणि ते कुठल्याच धुण्याने जात नाहीत.